पप्पांच्या गाडीचं ॲव्हरेज

मी गाड्यांच्या विरोधात लिहिते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. रस्ता रुंद करायचा म्हणून झाडं तोडू नका, चौकात पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्या, नाशिकच्या सिडकोतून अंबडला वेळेवर बस सोडा. या तीन मागण्यांची पत्रकं मी आणि आमच्या गटातली चार-पाच मंडळी गेली काही वर्षं काढतोय. बस स्टॉपवर उभं राहून वाटतो, निम्मी दहा पावलांवर जमिनीवर पडलेली बघतो, उचलून झटकून परत वाटतो. अशा मुलीच्या घरात एक गाडी होती, आणि त्या गाडीचं ॲव्हरेज वाढावं म्हणून मी जवळजवळ एक वर्ष जीव टांगणीला लावून बसले होते.

पप्पा अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. तीस वर्षं. कारखाना दुसऱ्या राज्यात हलला, तेव्हा ज्या मशिनी त्यांनी तीस वर्षं जगवल्या त्या सोडवून ट्रकवर चढवायलाही त्यांनाच बोलावलं. मी म्हटलं, नाही म्हणा, जाऊ नका. तर म्हणाले, "दुसरा कुणी सोडवेल तर बोल्ट तोडेल." आणि गेले. यावर मी एक पत्रक लिहिलं होतं. पप्पांनी ते छापू दिलं नाही.

त्याच सुमारास तिथल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांनी आपली दहा-बारा वर्षं जुनी हायब्रिड गाडी विकायला काढली. सगळे नातेवाईक म्हणाले, घ्यायचीच तर सीएनजी घ्या, ही जुनी भानगड कशाला. पप्पांनी ऐकलं नाही. ही गाडी पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही; कधी कशावर चालायचं ते तीच ठरवते. आणि ब्रेक लावला की चाकांचा जोर वाया जात नाही, त्याची वीज होऊन बॅटरीत परत येते. एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी ती घेतली. "आयुष्यभर बघितलं, ब्रेक म्हणजे नुसती गरमी. थांबायचं म्हणजे घालवायचं. ही बया थांबताना कमावते," असं येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत. तेव्हा त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसा कारखान्यात असताना एकदाही झालेला मला आठवत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही देवळ्याला जायचो. तिथे माझी आत्या एकटी असते, पप्पांची मोठी बहीण. पिंपळगावचा टोलनाका, पुढे सोग्रस फाट्यावरून डावीकडे, भावडबारीचा घाट, की देवळा. निघताना पप्पा गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा शून्य करायचे आणि आत्याच्या दारात बघायचे. एकवीस. लिटरला एकवीस किलोमीटर, पावसाळा असो की उन्हाळा. नवी होती तेव्हा साहेबांना यातले अठरासुद्धा मिळाले नव्हते, असं पप्पा म्हणायचे. हा आकडा इंजिनाचा नाही, पायाचा आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पेडल असं दाबायचं की इंजिनाला जाग येऊ नये. सिग्नल लांबून लाल दिसला की तिथूनच पाय काढायचा. मागचे हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे. पप्पा आरशात बघून म्हणायचे, "जा बाबा, तुला लवकर थांबायचंय."

आमचं घर दोन खोल्यांचं. पत्रकांचे गठ्ठे ठेवायला जागाच नव्हती, म्हणून ते मागच्या सीटवर जायचे. संध्याकाळी आई, पप्पा आणि मी घड्या घालत बसायचो. पप्पा स्टीलच्या पट्टीची पाठ फिरवून घडी बसवायचे, नख लावू द्यायचे नाहीत, कडा फुटते म्हणून. कागद आम्ही सगळ्यात स्वस्तातला घेतो, गुलाबी, ज्याच्या कडांना हात लावला की भुगा गळतो. एकदा मी हायब्रिड गाड्यांवरच लिहिलं होतं. अर्ध्या पापाची गाडी, असं मोठ्या टाइपात. पप्पांनी वाचलं.

"म्हणजे आपली?"

"आपली नाही हो. एकूणच."

"एकूणात आपली येते की."

आणि पुढची घडी घातली. त्या दिवशी तीनशे घड्या घातल्या त्यांनी, एक वाकडी नाही. दुसऱ्या दिवशी ते मला गठ्ठ्यांसकट त्याच गाडीतून द्वारकेच्या चौकात सोडून आले. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं.

ॲव्हरेज आधी घसरलं की हात आधी थरथरला, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही. आकडा एका महिन्यात एकोणीस झाला, मग सतरा, मग पंधरा. त्याच दिवसांत पप्पा चहाचा कप डाव्या हाताने धरायला लागले आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसायला लागले. आईने विचारलं तर म्हणायचे, थंडी आहे. मार्च सरत आला होता.

डॉक्टरांनी आम्हाला सात-आठ मिनिटं दिली. कंपवात आहे, औषध सुरू करू, बरा होत नाही पण ताब्यात राहतो, ड्रायव्हिंग शक्यतो टाळा, पुढचा पेशंट. ज्या माणसाने एका बेअरिंगचा आवाज ऐकायला अर्धा अर्धा तास मशिनीला कान लावला, त्याला सात-आठ मिनिटं. मी बाहेर येऊन रिसेप्शनवर भांडले. भांडून काही झालं नाही, फक्त पप्पा मान खाली घालून जिन्याकडे गेले.

घरी आई म्हणाली, "ऐकलं ना काय म्हणाले ते?"

"शक्यतो म्हणाले."

"म्हणजे नाहीच."

"नाही असतं तर नाही म्हणाले असते. शिकलेला माणूस आहे तो."

"अहो, पायालाही आलंय ते. झोपेत हलतो पाय, मी बघते ना."

पप्पा म्हणाले, "तू म्हणतेस पाय, मी म्हणतो गाडी. हिचं ॲव्हरेज गेलंय, म्हणजे कुठंतरी दोष आहे. दोष काढतो. एकवीस परत आले तर पाय ठीक आहे, मला कुणी काही बोलायचं नाही. सगळं करूनही नाही आले, तर गाडी चालवणं सोडतो. भांडण नको."

आईने माझ्याकडे बघितलं. पायी चालणाऱ्यांच्या हक्कांवर मी दर महिन्याला लिहिते. थरथरत्या पायाच्या माणसाने गाडी चालवू नये, हे सांगायला मला पत्रकाची गरज नव्हती, एक वाक्य पुरलं असतं. मी बोलले नाही. गाडीत दोष निघाला तर पप्पांच्यात निघणार नाही, असं काहीतरी माझ्या डोक्याने तेव्हा धरलं होतं. खरं सांगायचं तर माझ्या डोक्याला ते हवं होतं.

मग पप्पांनी काम काढलं. त्यांची एक पद्धत होती, कारखान्यातली. मशीन बंद पडली की साहेब लोक एकदम तीन पार्ट बदलायला सांगायचे. मशीन चालू व्हायची, पण दोष कशात होता ते कुणाला कळायचं नाही आणि सहा महिन्यांनी तेच. पप्पा एका वेळी एकच गोष्ट बदलायचे, चालवून बघायचे, मग पुढची. त्यासाठी त्यांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. इथेही तेच ठरलं. एका महिन्यात एकच बदल आणि पहिल्या रविवारी देवळा. रस्ता तोच, माणसं तीच, सामान तेच.

आधी टायरची हवा. सकाळी टायर थंड असताना स्वतःच्या गेजने बघायची, दोन पॉइंट जास्त ठेवायची. त्याने थोडं वर आलं, नाही असं नाही, पण ते नखाएवढं. मग एअर फिल्टर. मग ऑइल, जुनी गाडी म्हणून कुणीतरी जाड ऑइल भरत आलं होतं, पप्पांनी पुस्तकात लिहिलंय तसलं पातळ आणलं. मग ब्रेक कुठे घासतोय का ते बघितलं. जॅक लावून चाक उचललं, हाताने फिरवायचं आणि ते किती वेळ मोकळं फिरतं ते बघायचं. पप्पांनी हात लावला, हात काढला.

"तू फिरव."

मी फिरवलं. ते खाली बसून कान देऊन ऐकत राहिले. चारही चाकं. एकही घासत नव्हतं. ते उठले तेव्हा मला वाटलं, घासत असतं तर बरं झालं असतं.

"पप्पा, सगळं एकदम करून टाका ना," मी एकदा वैतागून म्हटलं. "एवढे महिने कशाला घालवता?"

"मग कळणार कसं कशाने झालं?"

ते खरंच होतं. पण पुढे माझ्या लक्षात आलं की एका महिन्यात एकच बदल म्हणजे गाडी चालवायला मिळण्याचे तेवढे महिने. माणूस आपली मुदत अशीही वाढवतो.

शोरूमच्या सर्व्हिस सेंटरवरही गेलो. टाय घातलेल्या माणसाने गाडीला वायर लावली, स्क्रीन बघितली आणि सांगितलं की बॅटरी संपली, बदलावी लागेल.

"काढून बघितली का?" पप्पांनी विचारलं.

"काका, कॉम्प्युटर सांगतो ना."

"कॉम्प्युटरने काढून बघितली का?"

तो हसला. असं हसणं मला सहन होत नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात पप्पांनी माझा दंड धरला. धरलेला हात हलत होता, म्हणून मी गप्प बसले.

शेवटी द्वारकेजवळचा त्यांचा जुना मेकॅनिक. पप्पा त्याला उस्ताद म्हणतात, तो पप्पांना भाऊ. कारखान्याच्या गाड्या त्याच्याकडे जायच्या तेव्हापासूनची ओळख. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं नाही, सरळ मागचं दार उघडलं.

"भाऊ, ही बॅटरी श्वास कुठून घेते माहितीय का?"

"मागून कुठून तरी."

"मागून नाही, आतून. सीटच्या बाजूला ही जाळी आहे बघा, इथून पंखा हवा ओढतो. आणि इथे तुम्ही काय ठेवलंय?"

तिथे माझे गठ्ठे होते. जाळीला टेकून, वरपर्यंत.

"ताई, हे लिटरेचर आपलं?"

मी हो म्हटलं. उस्तादने गठ्ठे उतरवले, सीट काढली, जाळीमागचा पंखा काढला आणि ओट्यावर ठेवला. पंखा दिसत नव्हता. पात्यांवर गुलाबी लगदा बसला होता, धूळ आणि कागदाचा भुगा मिळून जाडजूड घोंगडीसारखा. दोन वर्षांची पत्रकं त्या पंख्याने गिळली होती. हवा मिळाली नाही की बॅटरी तापते, तापली की वीज घेत नाही, मग सगळा भार इंजिनावर. उस्ताद हे सांगत होता आणि हाताने एक एक पातं साफ करत होता.

"भाऊ, गळा दाबला होता हो हिचा."

पप्पा त्या गुलाबी लगद्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले. "तरी म्हटलं, तुझी पत्रकं कुणी वाचत नाही, मग जातात कुठं."

उस्ताद मोठ्याने हसला. पप्पाही हसले, आणि हसताना त्यांना हात लपवायचं भान राहिलं नाही. मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. माझा दोष निघाला होता. सहा-सात महिने आम्ही पप्पांच्या पायावर संशय घेतला आणि गुन्हेगार मी होते, स्वस्त कागद घेणारी. असा दोष कुणी वाटत असेल तर मी रांगेत पहिली उभी राहीन.

पुढच्या रविवारी आत्याच्या दारात अठरा आले.

पंधराचे अठरा. पप्पांनी आत्याला ओट्यावर बोलावून स्क्रीन दाखवली. आत्याला त्यातलं काही कळत नाही. "बरं हाय," ती म्हणाली, "मंग आता चहा घ्या." तिने कांद्याची भजी केली. पप्पांनी डाव्या हाताने खाल्ली, पण भरपूर खाल्ली. येताना घाटात ते बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत होते. आईने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पुढच्या महिन्यात सतरा पॉइंट नऊ. त्याच्या पुढच्या महिन्यात सतरा पॉइंट सहा.

पप्पांनी प्लग बदलले. काही नाही. चाकांचं अलाइनमेंट केलं. काही नाही. एकवीसमधले बाकीचे तीन कुठे होते ते आम्हा तिघांनाही दिसत होतं. शेजारी बसून मी बघायचे. स्क्रीनवर एक रेघ असते, पाय हलका असला की ती रेघ एका जागी राहते. ती आता राहत नव्हती. वर, खाली, वर. इंजिन उगाच जागं व्हायचं, बंद व्हायचं, परत जागं व्हायचं. पप्पा रेघेकडे बघतच नव्हते.

मग ती गोष्ट झाली. साधी दुपार होती, सकाळची गर्दी ओसरलेली. आईच्या डोळ्याच्या चष्म्यासाठी चाललो होतो, ती पुढे, मी मागे. द्वारकेच्या सिग्नलला आम्ही पहिले उभे. गाडी बॅटरीवर, म्हणजे आवाज शून्य. समोरून एक हातगाडीवाला पेरूची गाडी ढकलत रस्ता ओलांडत होता, सावकाश, त्याच्या हक्काने. आमचा दिवा लालच होता. आणि गाडी पुढे सरकली. पप्पांचा पाय ब्रेकवरून घसरला होता. फार नाही, चार हात. आमचा बंपर हातगाडीच्या चाकाला लागला आणि पेरू रस्त्यावर पसरले.

कुणाला काही लागलं नाही. हातगाडीवाला म्हातारा होता. तो ओरडलासुद्धा नाही. फक्त म्हणाला, "शेठ, आवाज तरी करत जा." पप्पा खाली उतरले आणि पेरू गोळा करायला लागले. एक पेरू त्यांच्या हातातून तीनदा पडला. मागे हॉर्न वाजत होते. म्हातारा म्हणत होता, राहू द्या, राहू द्या, मी घेतो. पप्पा उठत नव्हते. मी आणि आईने त्यांना दोन्हीकडून धरून उठवलं. गाडी बाजूला घ्यायला मला येत नव्हती, म्हणून तीही पप्पांनीच घेतली. उस्तादने येऊन ती घरी सोडली. आम्ही रिक्षाने आलो.

या चौकावर मी पत्रक लिहिलेलं आहे. त्यात एक चालक आहे, बेदरकार. सिग्नल न पाळणारा, पायी माणसाला माणूस न मानणारा. ते लिहिताना मला चालकाचा चेहरा स्पष्ट दिसत होता आणि त्याचा मला मनापासून राग होता. माझे पप्पा बेदरकार नव्हते. शहरात सगळ्यात जपून पेडल दाबणारा माणूस होता तो. तरीही तो हातगाडीवाला दोन पावलं पुढे असता, तर त्याच्या घरच्यांना मी हे कसं सांगितलं असतं? आणि डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी मी एक वाक्य बोलले असते तर? हे मी अजून कुठल्या पत्रकात लिहिलेलं नाही.

त्या दिवसापासून पप्पांनी गाडी रस्त्यावर काढली नाही. पण सोडलीही नाही. सकाळी उठून काच पुसायचे, हवा बघायचे. आठवड्याभराने जेवताना म्हणाले, "तू गाडी शिक."

"मी? मी गाड्यांच्या विरोधात आहे."

"माहीत आहे मला. विरोधात राहूनच शिक."

"कशाला पण?"

"सगळं बदलून झालं. एकच गोष्ट बदलायची राहिली." भाकरीचा तुकडा मोडत होते, मोडता येत नव्हता. "ती बदलून बघितल्याशिवाय मी कसं म्हणू दोष कशात आहे?"

आई ताटावरून उठून आत गेली.

अंबडला साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी रस्ते रिकामे असतात. तिथे पप्पांनी मला शिकवलं. मी कुणाचं ऐकणारी मुलगी नाही, ते कुणाला ओरडणारे नाहीत, तरी पहिल्या दिवशी दोन्ही झालं. "पेडलवर पाय ठेवू नको, नुसतं पायाचं वजन ठेव." "तेच करतेय." "तू मोर्चात चालल्यासारखी दाबतेस." नंतर जमत गेलं. लोक लाल दिव्यापर्यंत पळत जातात आणि मग ब्रेक मारतात, जसं काही तिथे बक्षीस ठेवलंय. तू लांबूनच सोड. उतार दिसला की गाडीला सांग, तुझं तू बघ. अशा गोष्टी. एकदा त्यांच्या जुन्या कारखान्यापुढून गेलो. गेटवर दुसरी पाटी होती, आत गोदाम. पप्पा म्हणाले, "इथून बॅटरीवर काढ." मी पाय हलका केला, इंजिन बंद पडलं, आणि आम्ही त्या भिंतीलगत शेवटपर्यंत आवाज न करता गेलो. ते गेटकडे बघत नव्हते. डोळे मिटून इंजिन जागं होतंय का ते ऐकत होते.

माझं लायसन्स आलं. गटातल्यांनी चिडवलं, आता टोपी घालून शोफर हो म्हणाले.

पहिला रविवार आला. हवा तीच, सामान तेच, पिशव्यासुद्धा पप्पांनी त्याच जागी ठेवायला लावल्या. आई मागे. पप्पा डाव्या सीटवर बसले, स्क्रीनवरचा आकडा त्यांनी स्वतः शून्य केला आणि म्हणाले, "आज मी काही बोलणार नाही. बोललो तर माझं शिकवणं त्यात धरलं जाईल."

ते खरंच बोलले नाहीत. पिंपळगावच्या पुढे एक ट्रक अंगावर आला तेव्हा त्यांचा पाय आपोआप समोर दाबला गेला, जिथे ब्रेक नव्हता. तेवढंच. सोग्रस फाट्याला वळलो, घाट चढलो, उतरताना मी पाय काढून घेतला आणि बॅटरीचा पट्टा भरत गेला. हात हलका, पाय हलका, रेघ एका जागी. मला माहीत होतं काय होतंय. मला मुद्दाम वाईट चालवता आली असती. एक-दोनदा मनात आलंही. पण त्यांनी एवढं शिकवलं होतं, आणि ते शेजारी बसून डोळे मिटून ऐकत होते. कळलं असतं.

आत्या दारात उभी होती. "आज लेकीनं आणलं का रे तुला?" म्हणाली. पप्पा हो म्हणाले आणि पिशव्या घेऊन ओट्याकडे गेले. स्क्रीनकडे न बघता गेले. आईही उतरली. मी बघितलं.

एकवीस पॉइंट चार.

मी खोटं लिहीत नाही. माझ्या पत्रकात एक आकडा चुकला तर मी पुढच्या पत्रकात पहिल्या ओळीत माफी मागते. मी आकडा शून्य करायचं बटन दाबलं आणि आकडा जाईपर्यंत धरून ठेवलं.

पप्पा दारापर्यंत परत आले. "किती?"

"बघायचं राहिलं. चुकून शून्य झालं माझ्याकडून."

ते थोडे वाकून आत बघत राहिले. स्क्रीनवर नुसत्या आडव्या रेघा होत्या. "चुकून होत नाही ते," म्हणाले. "दाबून धरावं लागतं." आवाज चढलेला नव्हता. मग आत गेले.

जेवण झालं. आत्या कांद्याच्या चाळीबद्दल बोलत होती, कुठल्या बाजूने पाणी झिरपतं ते दाखवायला पप्पांना घेऊन गेली. ते तिथे बसून पत्रा वाजवून बघत होते. मी लांबून बघत होते. निघताना कुणी काही न सांगता ते डावीकडच्या दाराशी गेले आणि बसले.

घाट संपला. सोग्रस फाट्याजवळ चहाला थांबलो. आई टपरीकडे गेली. गाडीत आम्ही दोघंच.

"आता खरं सांग," पप्पा म्हणाले. "मी तीस वर्षं कुणाला मशिनीचं खोटं सांगितलं नाही."

"एकवीस पॉइंट चार."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "एसी लावला होता?"

"नाही."

"वारा मागून होता का?"

"नव्हता, पप्पा. आडवाच होता."

"घाटात इंजिन किती वेळ चालू होतं?"

"चढताना पूर्णवेळ. उतरताना अजिबात नाही."

अजून काही विचारायचं राहिलंय का ते आठवत असावेत. उजवा हात मांडीखाली नव्हता, मांडीवर होता, हलत होता, आणि त्यांनी तो तसाच हलू दिला.

"म्हणजे गाडी चांगली आहे," ते म्हणाले.

आई तीन कप घेऊन येत होती. त्यांनी हात लांबवून तिच्यासाठी मागचं दार उघडायचा प्रयत्न केला. खटका सापडायला वेळ लागला. मी मदत केली नाही. उघडलं त्यांनी.